पिशवीतले कागद, कागदांतले पैसे

जुलैचा शेवटचा आठवडा आला की करसल्लागाराच्या टेबलावर एक पिशवी हमखास येऊन पडते. साडीच्या दुकानाची, नाहीतर मिठाईवाल्याची. आत फॉर्म १६ची चुरगळलेली प्रत, विम्याच्या दोन पावत्या (त्यातली एक तीन वर्षांपूर्वीची), लाइटबिल, शाळेच्या फीची पावती आणि कशाची ते ओळखू न येणारी एक फिकट झेरॉक्स. पिशवी देणारा खुर्चीत टेकतो आणि म्हणतो, "यात सगळं आहे. बघा, काही वाचतंय का."

काही वाचणार की नाही, हे बहुतेक वेळा त्या पिशवीत काय नाही यावर ठरतं.

पूर्वी आपण सांगू तेवढंच उत्पन्न आयकर खात्याला कळायचं. आता बँक व्याज कळवते, कंपनी पगार कळवते, म्युच्युअल फंड आणि ब्रोकर खरेदी-विक्री कळवतात, घराच्या व्यवहाराची खबर नोंदणी कार्यालयाकडून जाते. म्हणजे तुमच्या खिशात काय आलं ते खात्याला बऱ्यापैकी ठाऊक असतं. ते येताना तुमचं काय गेलं, हे मात्र ठाऊक नसतं. तुम्ही घरभाडं किती भरलं, वडिलांच्या औषधांवर किती खर्च झाला, विकलेलं घर मुळात कितीला घेतलं होतं, हे तुम्ही सांगितल्याशिवाय आणि विचारल्यावर दाखवल्याशिवाय कुणी धरत नाही.

म्हणून रिटर्न भरायला बसण्याआधी कागदांचे दोन ढीग करा. खात्याला दिसतं ते पहिल्या ढिगात. हा ढीग जुळवायचा. फक्त तुम्हालाच ठाऊक आहे ते दुसऱ्या ढिगात. हा जपायचा. चुका पहिल्या ढिगात होतात, पैसे दुसऱ्यात वाचतात.

एक खुलासा आधीच करतो. १ एप्रिल २०२६पासून 'आयकर कायदा, २०२५' लागू झाला आहे. पण आत्ता आपण भरणार आहोत ते रिटर्न २०२५-२६ या आर्थिक वर्षाचं, आणि त्याला १९६१चाच कायदा लागू आहे. त्यामुळे ८०सी, ८०डी हे ओळखीचे आकडे या खेपेला तसेच राहतील.

पहिला ढीग : जुळवायचा

आयकर खात्याच्या पोर्टलवर लॉगिन करून दोन कागद उतरवून घ्या. २६एएस या पत्रकात तुमच्या नावावर कापला गेलेला टीडीएस असतो. एआयएस, म्हणजे वार्षिक माहिती विवरण, त्याहून बरंच ऐसपैस. तुम्ही स्वतः भरलेला कर, बचत खात्याचं व्याज, ठेवींचं व्याज, लाभांश, शेअर आणि फंडांची विक्री, मोठ्या रकमांचे व्यवहार, असं सगळं त्यात सापडतं.

हे काम एप्रिलमध्ये उरकून टाकायचा मोह होतो. तो आवरा. शेवटच्या तिमाहीच्या टीडीएसचं विवरण द्यायला कापणाऱ्यांना ३१ मेपर्यंत मुदत असते आणि कंपनीने फॉर्म १६ द्यायची तारीख १५ जून. त्याआधी उतरवलेलं पत्रक अर्धवट असू शकतं. कागद एप्रिल-मेमध्ये गोळा करा, आकडे जूनच्या मध्यानंतर जुळवा आणि जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात रिटर्न भरून मोकळे व्हा.

जुळवताना या गोष्टी तपासा.

फॉर्म १६मधला टीडीएस आणि २६एएसमधला टीडीएस सारखा हवा. पगारातून कर कापला गेला पण २६एएसमध्ये उमटला नाही, तर तुम्ही पोर्टलवर काहीच दुरुस्त करू शकत नाही. ज्याने कापला त्यानेच आपलं विवरण सुधारून द्यावं लागतं. त्यासाठी हिशेब विभागाच्या मागे लागावं लागतं आणि त्यात आठवडे जातात. जून गाठायचा तो यासाठीही.

एआयएसमधली नोंद दोनदा आली असेल किंवा तुमची नसेलच, तर त्या ओळीसमोर तिथेच अभिप्राय नोंदवता येतो. संयुक्त ठेवींत हे फार होतं. ठेव आईच्या पैशांची, पहिलं नाव मुलाचं, आणि व्याज सगळं मुलाच्या पॅनवर. ठेव ठेवतानाच ज्याचे पैसे त्याचं नाव पहिलं घालावं.

वर्षात नोकरी बदलली असेल तर दोन फॉर्म १६ येतात. आधीच्या पगाराची माहिती नव्या कंपनीला दिली नसेल, तर दोघीही प्रमाणित वजावट आणि शून्य कराचा टप्पा आपापल्या परीने देऊन मोकळ्या होतात. रिटर्नमध्ये हे दोन्ही एकदाच मिळतात आणि जुलैत अचानक कर भरायची पाळी येते. ती चूक नसते, उधारी असते. आधी कळली तर निदान पैशांची सोय करता येते.

आणि सर्वांत महत्त्वाचं : एआयएसमध्ये नाही म्हणजे करमुक्त आहे, असं नाही. गावातल्या पतसंस्थेतल्या ठेवीचं व्याज तिथे दिसेलच असं नाही, पण ते करपात्र आहेच. पाच वर्षांनी एकदम हाती येणाऱ्या ठेवीचं व्याजही दर वर्षी थोडं थोडं साठतं आणि त्या त्या वर्षी दाखवायचं असतं. पाच वर्षांचं व्याज एकदम दाखवलं तर वरच्या टप्प्यात ढकलले जाल. गावाकडे सातबाऱ्यावर नाव असेल तर शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं, तरी रिटर्नमध्ये लिहायचं असतं. ते ५,००० रुपयांच्या वर गेलं की सोपा आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२कडे वळावं लागतं.

दुसरा ढीग : जपायचा

*घरभाडं.* एचआरएची सवलत फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. तीन आकडे काढायचे आणि सर्वांत लहान तो धरायचा : मिळालेला एचआरए, भाडं वजा मूळ पगाराचे दहा टक्के, आणि मूळ पगाराचे पन्नास किंवा चाळीस टक्के. या वर्षापुरते पन्नास टक्के मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईलाच. पुण्याचं भाडं मुंबईशी स्पर्धा करत असलं, तरी या रिटर्नसाठी पुण्याला चाळीसच.

समजा, पुण्यात महिना ५०,००० रुपये मूळ पगार, २०,००० एचआरए आणि १८,००० भाडं. पहिला आकडा २०,०००, दुसरा १३,०००, तिसरा २०,०००. करमुक्त १३,०००, म्हणजे वर्षाला १,५६,०००. त्यासाठी भाडेकरार, पावत्या आणि बँकेतून पैसे गेल्याची नोंद हवी. वर्षाचं भाडं एक लाखावर असेल तर घरमालकाचा पॅन लागतो. तो जुलैत मागितला की घरमालकाचा चेहरा बदलतो, म्हणून करार करतानाच घ्या. भाडं महिना ५०,०००च्या वर असेल तर भाडेकरूनेच दोन टक्के टीडीएस कापून भरायचा असतो, हे मुंबईतल्या पुष्कळांना नोटीस आल्यावर कळतं.

कंपनीला डिसेंबर-जानेवारीत पुरावे द्यायचे राहून गेले, म्हणून सवलत बुडाली असं समजू नका. एचआरए, विमा, पीपीएफ हे सगळं रिटर्नमध्ये थेट दाखवता येतं. जास्त कापलेला कर रिफंड म्हणून परत येतो.

*आईवडिलांची तब्येत.* ज्येष्ठ आईवडिलांचा आरोग्यविमा तुम्ही भरत असाल तर जुन्या प्रणालीत ८०डीखाली त्यांच्यासाठी ५०,००० रुपयांपर्यंत वजावट आहे. विमाच नसेल तर त्यांच्या औषधोपचारांचा खर्चही याच मर्यादेत धरता येतो. हे बहुतेकांना माहीत नसतं, म्हणून केमिस्टची बिलं केरात जातात. अट एकच : पैसे रोख दिलेले नसावेत. प्रतिबंधात्मक तपासणीचे ५,००० रुपयांपर्यंत मात्र रोख चालतात. केमिस्टला यूपीआयने पैसे द्या, बिलावर रुग्णाचं नाव घालायला सांगा आणि मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवा. थर्मल कागदावरची शाई जुलैपर्यंत उडालेली असते.

*घरपट्टी.* घर भाड्याने दिलं असेल तर ही पावती सोन्याची. महिना १५,००० म्हणजे वर्षाला १,८०,००० भाडं आलं आणि तुम्ही ८,००० रुपये घरपट्टी भरली, तर उरले १,७२,०००. त्यातून तीस टक्के, म्हणजे ५१,६०० रुपये, दुरुस्ती-देखभालीपोटी सरसकट वजा होतात, बिल मागितलं जात नाही. करपात्र राहतात १,२०,४००. हा हिशेब नव्या प्रणालीतही असाच आहे. फक्त घरपट्टी त्याच वर्षात, आणि तुम्ही स्वतः भरलेली हवी.

*घर विकलं असेल तर.* दुसऱ्या ढिगातला सर्वांत महागडा कागद इथे असतो. समजा, २००५-०६मध्ये नाशिकला १२ लाखांना घेतलेलं छोटं रो-हाउस २०२५-२६मध्ये ६० लाखांना विकलं. ६० लाख खात्याला दिसतात, कारण ५० लाख किंवा त्याहून मोठ्या व्यवहारात घेणाऱ्याने एक टक्का टीडीएस कापलेला असतो. १२ लाख तुम्ही दाखवायचे.

२३ जुलै २०२४पूर्वी घेतलेल्या जमिनी-घरांसाठी निवासी भारतीयांना दोन रीतींनी हिशेब करून कमी येईल तेवढाच कर द्यावा लागतो. साध्या रीतीने नफा ४८ लाख, त्यावर साडेबारा टक्के, म्हणजे ६ लाख. दुसऱ्या रीतीत महागाई निर्देशांक धरायचा : २००५-०६ला ११७ आणि २०२५-२६ला ३७६. बारा लाखांचे झाले सुमारे ३८.५६ लाख, नफा २१.४४ लाख, त्यावर वीस टक्के म्हणजे सुमारे ४.२९ लाख. एका खरेदीखताने पावणेदोन लाखांच्या आसपास वाचवले.

आता त्याच घरावर २०१२-१३मध्ये तीन लाख खर्चून वर एक खोली चढवली असेल, आणि गवंड्याच्या, सिमेंट-सळईच्या पावत्या जपल्या असतील, तर त्या वर्षाच्या २०० निर्देशांकाने तीन लाखांचे ५,६४,००० होतात आणि कर आणखी १,१२,८०० रुपयांनी उतरतो. (रंगरंगोटी यात चालत नाही, घरात कायमची भर घालणारं काम हवं.) मुद्रांक शुल्क, नोंदणी फी, विकताना दिलेली दलाली, या पावत्याही याच फायलीत.

घर वडिलोपार्जित असेल तर वडिलांनी घेतलं तेव्हाची किंमत धरली जाते, म्हणून त्यांचा करारनामा लागतो. १ एप्रिल २००१पूर्वीची खरेदी असेल तर त्या तारखेचा बाजारभाव घेता येतो, पण तो तेव्हाच्या मुद्रांक मूल्यापेक्षा, म्हणजे रेडी रेकनरपेक्षा, जास्त नको. आणि नफ्यातून दुसरं घर घ्यायचं ठरवलं असेल पण रिटर्नच्या तारखेपर्यंत व्यवहार झाला नसेल, तर ती रक्कम त्याआधी बँकेतल्या 'कॅपिटल गेन्स अकाउंट'मध्ये ठेवावी लागते. साध्या बचत खात्यात पडून राहिली तर सवलत हातची जाते.

नवी की जुनी?

हा प्रश्न चहाच्या टपरीवर सुटत नाही, कागदावर सुटतो. नवी प्रणाली आपोआप लागू असते. तीत करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर सवलतीमुळे कर शून्य, आणि पगारदाराला ७५,०००ची प्रमाणित वजावट धरून १२.७५ लाखांपर्यंत. पण शेअर किंवा इक्विटी फंडांच्या नफ्यावरच्या कराला ही सवलत लागू नाही. "बारा लाखांपर्यंत काहीच नाही" असं म्हणत निर्धास्त राहिलेल्या पेन्शनरांनी हे आवर्जून बघावं.

पुण्यातल्या भाडेकरूचं मघाचंच उदाहरण पुढे नेऊ. वर्षाचा एकूण पगार १५ लाख. नव्या प्रणालीत ७५,००० वजा जाऊन १४,२५,००० उरतात. त्यावर कर ९३,७५० आणि चार टक्के उपकर धरून ९७,५००.

जुन्या प्रणालीत प्रमाणित वजावट ५०,०००, व्यवसाय कर २,५००, ८०सीचे दीड लाख, एचआरए १,५६,००० आणि स्वतःच्या कुटुंबाचा आरोग्यविमा २५,००० धरला, तर करपात्र उरतात ११,१६,५००. उपकरासह कर १,५३,३४८. म्हणजे दीड लाख गुंतवूनही नवीपेक्षा ५५,८४८ रुपये जास्त.

पण याच माणसाने सांगलीच्या घरासाठी कर्ज काढलंय, त्या घरात आईवडील राहतात, गृहकर्जाचं व्याज दोन लाख आहे आणि वडिलांच्या आरोग्यविम्याचे ५०,००० आहेत, असं समजा. आता करपात्र ८,६६,५०० आणि उपकरासह कर ८९,२३२. जुनी प्रणाली ८,२६८ रुपयांनी सरस ठरली. १५ लाखांच्या पगाराला हा काटा प्रमाणित वजावट सोडून सुमारे ५.४४ लाखांच्या वजावटींवर येऊन थांबतो. तेवढ्या वजावटी नसतील तर नवी घ्या आणि निवांत राहा.

कंपनीने वर्षभर नव्या प्रणालीने कर कापला असला तरी पगारदाराला रिटर्न भरताना जुनी निवडता येते. मात्र रिटर्न मुदतीत भरलं तरच.

तारखेची किंमत

पगारदार आणि पेन्शनरांसाठी ठरलेली तारीख ३१ जुलै. २०२५मध्ये ती १५ आणि मग १६ सप्टेंबरपर्यंत वाढली होती, पण त्या आठवणीवर विसंबू नका. उशीर झाला की ५,००० रुपये शुल्क (उत्पन्न पाच लाखांपर्यंत असेल तर १,०००), थकलेल्या करावर महिना एक टक्का व्याज, आणि जुनी प्रणाली निवडायचा हक्क गेला. शेअरमध्ये झालेला तोटा पुढची आठ वर्षं नफ्यातून वळता करता येतो, पण तोही मुदतीत रिटर्न भरणाऱ्यालाच.

रिटर्न सबमिट केलं म्हणजे झालं नाही. तीस दिवसांत आधार ओटीपीने किंवा नेटबँकिंगने त्याची पडताळणी करा, नाहीतर ते भरलंच नाही असं धरतात. पॅन-आधार जोडलेलं आणि बँक खातं पोर्टलवर प्रमाणित केलेलं हवं, नाहीतर रिफंड अडकतो. आणि रिफंडची लिंक एसएमएसने आली तर ती उघडू नका. रिफंड खात्यात थेट जमा होतो, त्यासाठी कुणी ओटीपी मागत नाही.

"टाका हो, कोण बघतंय?"

असं सांगणारा एजंट प्रत्येक शहरात भेटतो. नसलेलं भाडं, न दिलेली देणगी, न काढलेला विमा दाखवून रिफंड आणतो आणि त्यातला हिस्सा घेतो. १४ जुलै २०२५ला आयकर खात्याने अशा खोट्या वजावटींसंदर्भात देशभर दीडशे ठिकाणी तपासणी केली. आता रिटर्नमध्ये विमा पॉलिसीचा क्रमांक, कर्ज देणाऱ्या बँकेचं नाव आणि कर्जखात्याचा क्रमांकही भरावा लागतो. देणगी घेणारी संस्था स्वतः खात्याला यादी देते आणि तुम्हाला १०बीई प्रमाणपत्र देते, रोख देणगी २,०००च्या वर असेल तर वजावटच नाही. खोटी माहिती पकडली गेली तर चुकवलेल्या कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो, आणि नोटीस तुमच्या नावाने येते, एजंटच्या नाही.

पुढच्या वर्षाचा कर आज वाचतो

रिटर्न भरताना तुम्ही मागच्या वर्षाचा हिशेब लिहीत असता. ३१ मार्च उलटून गेला की नवी वजावट जन्माला घालता येत नाही. खरी बचत चालू वर्षात, तीही शांतपणे.

नव्या प्रणालीत असाल तर कंपनीला विचारा, पगाराच्या रचनेतून एनपीएसमध्ये वाटा भरता का? मूळ पगाराच्या चौदा टक्क्यांपर्यंतची ती रक्कम नव्या प्रणालीतही वजा होते. महिना ५०,००० मूळ पगार असेल तर वर्षाला ८४,०००. मार्चअखेरीला केवळ कर वाचवायचा म्हणून विम्याची पॉलिसी घ्यायची सवय मात्र नव्या प्रणालीत निरुपयोगी आहे. तिथे ८०सी नाहीच.

करपात्र उत्पन्न नसलेल्या आजी-आजोबांच्या ठेवीवर टीडीएस कापला जाऊ नये म्हणून बँकेत द्यायचं स्वयंघोषणापत्र (आजवर आपण ज्याला १५जी-१५एच म्हणत आलो ते) वर्षाच्या सुरुवातीलाच द्या. भाडं, व्याज, शेअर यांमुळे टीडीएस वळता करूनही दहा हजार किंवा त्याहून जास्त कर निघणार असेल, तर आगाऊ कराच्या १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या तारखा कॅलेंडरवर लिहा. धंदा-व्यवसायाचं उत्पन्न नसलेल्या ज्येष्ठांना यातून सूट आहे. इक्विटी फंडांत नफा साठत असेल तर एक वर्षावर ठेवलेल्या गुंतवणुकीचा वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त असतो. दर वर्षी तेवढा काढून पुन्हा गुंतवला तर पुढचं ओझं हलकं होतं.

आणि पिशवीऐवजी दोन फायली करा. एक दर वर्षाची, आर्थिक वर्ष पाठीवर लिहिलेली, निदान सात वर्षं ठेवायची. दुसरी घराची, कधीच न टाकायची : खरेदीखत, इंडेक्स टू, मुद्रांक शुल्काची पावती, वर चढवलेल्या खोलीची बिलं. गवंड्याच्या पावतीवर १,१२,८०० रुपये छापलेले नसतात, म्हणून ती रद्दीत जाते.

आज संध्याकाळी आईवडिलांना फोन कराल तेव्हा एवढं विचारून ठेवा : घराचं मूळ खरेदीखत कुठल्या कपाटात आहे?